पहिल्यांदा परिषदेला जाताय? आधी आपले प्रश्न लिहा

परिषदेहून परतलेल्या नवख्या माणसाला ऑफिसात कुणी विचारलं, "काय मिळालं?" तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "छान झाली, बरंच ऐकायला मिळालं." त्यापुढे काही सांगता येत नाही. यात हुशारी कमी पडलेली नसते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा एकामागून एक व्याख्यानं कानावर पडत असतात, आणि त्यातलं आपल्या उपयोगाचं कोणतं हे निवडायला चाळणीच नसते. कामात अडलेले दोन-तीन प्रश्न ही ती चाळणी. कोणत्या सत्राला बसायचं, कुणाला गाठायचं, वहीत काय उतरवायचं, हे सगळं त्या प्रश्नांवरून ठरतं.

प्रश्न कसा लिहायचा

समजा, तुम्ही एका डेअरी युनिटच्या गुणवत्ता विभागात नव्याने लागला आहात आणि अन्नप्रक्रियेवरच्या परिषदेला जाणार आहात. "पनीर जास्त दिवस कसं टिकवावं?" हा प्रश्न घेऊन गेलात तर उत्तर येईल, "स्वच्छता पाळा, तापमान सांभाळा." ते तुम्हालाही ठाऊक आहे. हाच प्रश्न असा लिहा: "व्हॅक्यूम पॅक केलेलं पनीर ४ अंश सेल्सिअसला ठेवूनही नवव्या-दहाव्या दिवशी काही पिशव्या फुगतात. सगळ्या नाही, दहातल्या एक-दोन. पॅकिंग मशीन तेच, फिल्म तीच. कुठून तपासायला सुरुवात करावी?"

आता जाणकार माणूस उलट प्रश्न विचारेल: "पिशवी नुसती सैल पडते की फुग्यासारखी ताणली जाते?" सैल पडत असेल तर सीलमधून हवा आत शिरतेय. ताणली जात असेल तर आत जंतू किंवा यीस्ट वायू तयार करतायत, म्हणजे पॅकिंगच्या आधी कुठेतरी संसर्ग होतोय. "पाण्याखाली दाबून पाहिली का? कडेने बुडबुडे येतात का?" असंही तो विचारेल. पाच मिनिटांच्या अशा बोलण्यातून जे हाती लागतं ते तासाभराच्या व्याख्यानात मिळेलच असं नाही.

तेव्हा प्रश्नात चार गोष्टी हव्यात: काय होतं, केव्हा होतं, किती प्रमाणात होतं आणि आजवर काय करून पाहिलं. असे तीनच प्रश्न लिहा, दहा नकोत. कागद वरिष्ठांना दाखवून घ्या. कंपनीतली कोणती माहिती बाहेर बोलायची आणि कोणती नाही, हे नव्या माणसाला कळत नाही, आणि ग्राहकाचं नाव किंवा उत्पादनाचे आकडे बोलण्याच्या ओघात सहज निघून जातात. वरिष्ठांनी चौथा प्रश्न जोडून दिला तर तो आवर्जून घ्या. परत आल्यावर निदान एक माणूस तरी तुमच्या उत्तराची वाट पाहत असेल.

परिषद खरी आहे ना?

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आणि नव्या प्राध्यापकांनी हे आधी तपासावं. एकाच परिषदेत अभियांत्रिकी, वैद्यकशास्त्र, वाणिज्य, समाजशास्त्र असे सगळे विषय असतील, आपल्या संशोधनाचा सारांश पाठवल्यावर काही तासांत स्वीकृती आली असेल, शुल्क एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात मागत असतील आणि आयोजक संस्थेचं नाव त्याआधी कधी ऐकलेलं नसेल, तर पैसे भरू नका. समितीत छापलेल्या दोन प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल करून "आपण या परिषदेशी संबंधित आहात का?" असं सरळ विचारा. त्यात काही गैर नाही.

पहिल्या खेपेला हजारोंचा मेळावा निवडण्याऐवजी दीडशे-दोनशे माणसांची, एकाच विषयाची परिषद निवडावी. तिथे सकाळी भेटलेला माणूस दुपारी पुन्हा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी ओळख दाखवतो.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणी नूतनीकरणासाठी ५ वर्षांत सतत वैद्यकीय शिक्षणाचे ३० क्रेडिट, म्हणजे गुण, लागतात. परिषदेला क्रेडिट मंजूर झाले आहेत का आणि किती, हे माहितीपत्रकात नसेल तर आयोजकांकडून लेखी घ्या. सनदी लेखापालांनी सीपीई, म्हणजे सतत व्यावसायिक शिक्षणाच्या, तासांबद्दल तसंच विचारावं.

नोंदणी करताना

लवकर नोंदणी केली तर शुल्क कमी पडतं, हे सगळ्यांना माहीत असतं. गाडी अडते ती बिलावर. पैसे ऑफिस देणार असेल तर नोंदणीच्या अर्जातच कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक भरा. बिल एकदा तुमच्या वैयक्तिक नावाने निघालं की बदलून घेताना महिना जातो, आणि तोवर हिशेब विभाग तुमचा दावा परत पाठवत राहतो. नावाचं स्पेलिंगही तिथेच नीट तपासा, कारण तेच प्रमाणपत्रावर छापून येतं. सरकारी किंवा अनुदानित नोकरीत असाल तर कर्तव्य रजेचा आदेश जाण्याआधी हातात घ्या.

पोस्टर असेल तर

नवख्यांना बहुधा व्याख्यानाऐवजी पोस्टर मिळतं, म्हणजे आपलं काम एका मोठ्या कागदावर छापून बोर्डावर लावायचं आणि त्यापाशी उभं राहायचं. हे कमीपणाचं समजू नका. दहा मिनिटांच्या व्याख्यानानंतर जेमतेम दोन प्रश्न होतात, पोस्टरपाशी मात्र तासभर माणसं समोर उभी राहून बोलतात.

आधी बोर्डाचा आकार आणि उभं की आडवं हे विचारा. पोस्टरचा नेहमीचा ए-झिरो आकार म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर. फ्लेक्सवाले इंचात बोलतात, त्यांना ३३ × ४७ इंच सांगा. हे माप ३ × ४ फुटांच्या उभ्या बोर्डावर बसतं. बोर्ड आडवा निघाला तर मात्र खालचा पाऊण-एक फूट लोंबत राहतो. पॉवरपॉइंटमध्ये काम सुरू करतानाच स्लाइडचा आकार ८४.१ × ११८.९ सेंटिमीटर ठेवा. नेहमीच्या स्लाइडवर बनवून शेवटी ताणलं की फोटो फुटतात.

अक्षरांचा आकार असा ठेवा: शीर्षक ८५ ते १०० पॉइंट, उपशीर्षकं ४० ते ४८, मजकूर २८ ते ३२. २४ च्या खाली जाऊ नका. अंदाज घ्यायला एक सोपी युक्ती आहे: पूर्ण पोस्टर साध्या ए-फोर कागदावर छापा. ए-झिरोच्या लांबी-रुंदीच्या चौथाई असा हा कागद असतो. तो हातात धरून मजकूर वाचता आला तर मूळ पोस्टर दीड मीटरवरून वाचता येईल. डोळे बारीक करावे लागले तर मजकूर कापा. पाचशे-सहाशे शब्दांपुढे पोस्टर कुणी वाचत नाही.

दुकानात फाइल पीडीएफ स्वरूपातच द्या. दुसऱ्याच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला की मराठी मजकुराची जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, ऱ्हस्व वेलांटी पुढे सरकते. छापण्याआधी "निर्जंतुक", "प्रक्रिया", "वैशिष्ट्य" असे दोन-तीन शब्द त्यांच्या पडद्यावर मोठे करून बघा. फाइल व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायची असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि आलेख धूसर छापले जातात. चकचकीत फ्लेक्सपेक्षा मॅट बरा, त्यावर सभागृहातल्या दिव्यांची तिरीप येत नाही.

पोस्टर गुंडाळून प्लास्टिकच्या नळीत ठेवा. पावसाळ्यात पुठ्ठ्याची नळी स्टेशनपासून सभागृहापर्यंतही टिकत नाही. लोकलमध्ये नळी उभी धरा, रॅकवर टाकू नका, उतरताना हमखास विसरते. सोबत टाचण्या आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, दोन्ही घ्या. काही बोर्डांत टाचणी शिरत नाही आणि काही ठिकाणी टेप लावू देत नाहीत.

व्याख्यान असेल तर १० मिनिटांना ८ ते १० स्लाइड पुरेत. फाइल पेन ड्राइव्हवर आणि मेलवर ठेवा, सोबत तिची पीडीएफ प्रतही असू द्या. सत्राआधीच्या सुट्टीत तिथल्याच संगणकावर ती उघडून पाहा. व्हिडिओ चालत नाही, आलेखातली मराठी अक्षरं चौकोन होतात, असले घोटाळे तिथेच कळतात.

वेळेवर पोचणं

मुंबईत परिषदेची निम्मी दमछाक प्रवासातच होते, म्हणून याचा विचार आदल्या दिवशीच करा. प्रथम वार पाहा. पुष्कळ परिषदा शनिवार-रविवारी असतात आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. शनिवारी संध्याकाळी ब्लॉक कोणत्या मार्गावर आणि किती ते किती हे बघून गाडी ठरवा. येताना कदाचित अडचण येणार नाही, पण दुपारी निघताना नक्की येईल.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरला जायचं असेल तर पश्चिम रेल्वेवाल्यांनी वांद्रे पूर्वेला आणि मध्य-हार्बरवाल्यांनी कुर्ला पश्चिमेला उतरून शेअर रिक्षा किंवा बस घ्यावी. सकाळी साडेनऊच्या सुमारास दोन्हीकडे ऑफिसवाल्यांच्या रांगा असतात, तेव्हा वीस मिनिटं जास्तीची धरा. मेट्रो ३ ला संकुलातच स्थानक आहे, तिथून पुढे चालत किंवा रिक्षाने जाता येतं. भुयारी मार्गात मोबाइल नेटवर्कचा भरवसा धरू नका. तिकीट आणि नोंदणीचा क्यूआर कोड आधीच फोनमध्ये साठवून ठेवा.

गोरेगावच्या नेस्को संकुलातल्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरला मेट्रो ७ चं गोरेगाव पूर्व स्थानक सोयीचं. लोकलने येणाऱ्यांना गोरेगाव किंवा राम मंदिर. मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांनी घाटकोपरला मेट्रो १ पकडावी, पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकावर उतरून पुलावरून गुंदवलीला जावं आणि तिथे मेट्रो ७ घ्यावी. आत अनेक हॉल आहेत आणि फाटकापासून ते लांब पडतात. हॉल क्रमांक पाठ असू द्या.

मंत्रालयाजवळच्या यशवंतराव चव्हाण सेंटरला चर्चगेटहून चालत जाता येतं, किंवा मेट्रो ३ च्या विधान भवन स्थानकावर उतरा. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा जात नाही, तिथे टॅक्सीच करावी लागते. राहण्याची खोली सभागृहाच्या रेल्वेमार्गावरच घ्या. दुसऱ्या मार्गावरची स्वस्त खोली रोजच्या दोन गाड्या बदलण्यात महाग पडते.

पहिल्या दिवशी नोंदणी उघडण्याच्या वेळीच पोचा. अर्ध्या तासाने बिल्ल्यांची रांग दाराबाहेर जाते. ओळखपत्र सोबत हवं. सभागृहात एसी इतका थंड असतो की मे महिन्यातही अंगावर काहीतरी घ्यावं लागतं, पातळ स्वेटर किंवा शाल पिशवीत ठेवाच.

सभागृहात

दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार यात पहिला कार्यक्रम अर्धा-पाऊण तास लांबतो आणि पुढचं वेळापत्रक तेवढंच सरकतं. छापील वेळेवर विसंबून दुसऱ्या हॉलकडे धावू नका, आधी दारावरच्या स्वयंसेवकाला विचारा. आदल्या रात्री कार्यक्रमपत्रिकेत तुमच्या तीन प्रश्नांशी जुळणारी सत्रंच पेन्सिलने खुणवा, आणि रोज एक तास मुद्दाम मोकळा ठेवा. कडेची खुर्ची घ्या. सत्र उपयोगाचं नाही असं दिसलं तर एका वक्त्याचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्याआधी उठून जाणं मुळीच उद्धटपणाचं नाही.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे वक्त्याने सांगितलेलं, उजवीकडे "आपल्याकडे काय". डावीकडे वाक्यं उतरवत बसू नका. आकडे आणि अटी लिहा: किती नमुने, कोणतं तापमान, किती दिवस, कोणतं उपकरण. उजवी बाजू रिकामी राहिली तर ते सत्र तुमच्यासाठी नव्हतं. प्रत्येक स्लाइडचे फोटो काढण्यात ऐकणं राहून जातं आणि ते फोटो नंतर कुणी उघडत नाही. हवीच असेल तर वक्त्याकडे सादरीकरणाची प्रत मागा, मेल केला तर पुष्कळजण देतात.

प्रश्न विचारायला हात वर करण्याआधी तो कागदावर लिहा. इंग्रजीत बोलायचं दडपण असेल तर लिहिलेलं वाचून दाखवा, कुणाला खटकत नाही. नाव, कामाचं ठिकाण आणि एकच प्रश्न, एवढं वीस सेकंदांत बसतं: "नमस्कार, मी रबाळ्याच्या एका डेअरी युनिटमध्ये गुणवत्ता विभागात आहे. तुमचे नमुने ४ अंशांवर होते. वाहतुकीत तापमान ८-१० वर गेलं तर टिकण्याचा काळ कितीने घटतो?" आधी स्तुती, मग स्वतःचा अनुभव आणि शेवटी प्रश्न असं केलंत की अध्यक्ष माइक काढून घेतात, आणि ते बरोबरच असतं.

चहा आणि जेवण

मुख्य वक्त्याभोवती पंधरा माणसांचं कडं असतं. तिथे उभं राहून चहाची सुट्टी घालवू नका. नवख्याने पोस्टरकडे जावं. तिथे प्रयोग स्वतः केलेली माणसं उभी असतात, त्यांच्याकडे फारसं कुणी येत नाही, आणि छापील निष्कर्षात नसलेलं, म्हणजे काय फसलं, किती वेळा फसलं, ते मोकळेपणाने सांगतात. आमच्या मते परिषदेतली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात रिकामी जागा तीच.

ओळख काढायला मोठं वाक्य लागत नाही. "नमस्कार मॅडम, सकाळच्या सत्रातला तुमचा सीलिंगचा मुद्दा ऐकला. आमच्याकडे नेमकं तेच होतंय. दोन मिनिटं बोलू का?" आडनावावरून मराठी वाटलं तर "सर, मराठीत बोललं तर चालेल ना?" असं विचारावं, बहुतेक वेळा समोरचाही मोकळा होतो. जेवताना आपल्याच ऑफिसच्या लोकांचं कोंडाळं करू नका. ताट घेऊन अनोळखी टेबलापाशी "इथे बसू का?" एवढं पुरतं. बोलणं आटोपतं घ्यायचं असेल तर "पुढचं सत्र गाठायचंय, उद्या सविस्तर मेल करतो" म्हणून निघावं.

कार्ड मिळालं की मागे लगेच तारीख आणि बोलणं लिहा: "बुडबुडा चाचणी, पद्धत पाठवणार". आपणही काही पाठवायचं कबूल केलं असेल तर तेही. संध्याकाळपर्यंत खिशात पंधरा कार्डं जमतात आणि चेहरे एकमेकांत मिसळतात.

रात्रीच्या जेवणाला थांबायलाच हवं असं नाही. कर्जत, कसारा, विरारकडच्यांनी शेवटच्या गाड्या पाहून ठरवावं. थांबलात तर पाऊण तास पुरे. हातात काय प्यायचं हा तुमचा प्रश्न, कुणी आग्रह केला तर "नको" एवढंच सांगावं.

स्टॉल

दुसऱ्या दिवशी सकाळी जा. शेवटच्या दुपारी निम्मे लोक सामान बांधायला लागलेले असतात. विक्रीच्या माणसाऐवजी "सर्व्हिसचं कुणी आहे का?" असं विचारा. मशीन कुठे अडतं आणि सुटा भाग किती दिवसांत मिळतो, ते त्याला ठाऊक असतं. रंगीत माहितीपत्रकांचा गठ्ठा उचलू नका, हव्या त्या मॉडेलचा तांत्रिक तपशील तेवढा मागा. बिल्ला स्कॅन करू दिला की नंतर महिनाभर फोन येतात. खरंच खरेदीचा विचार असेल तिथेच तो पुढे करा.

त्याच रात्री, आणि पुढचे पंधरा दिवस

परतीच्या गाडीत बसायला मिळालं तर तिथेच, नाही तर घरी जेवणाआधी, पंधरा मिनिटं वही उघडा. तिन्ही प्रश्नांखाली आज काय मिळालं, कुणाकडून, आणि काय अजून कळलं नाही, हे लिहा. दुसऱ्या दिवशीची सत्रं त्यावरून बदलायची असतील तर बदला. हे काम उद्यावर टाकलं की आठवणीत व्याख्यानांचा काला होतो.

संदेश दोन दिवसांत पाठवा, आणि तो नेमका असू द्या: "नमस्कार मॅडम, शनिवारी तुमच्या पोस्टरपाशी फुगणाऱ्या पिशव्यांबद्दल बोललो होतो. तुम्ही सुचवल्याप्रमाणे फुगलेल्या दहा पिशव्या पाण्याखाली दाबून पाहिल्या, एकीतच बुडबुडे आले. बाकीच्या नऊ पिशव्यांसाठी तुम्ही म्हणालात ती यीस्टची तपासणी कोणत्या पद्धतीने करता? दोन ओळींत सांगितलंत तरी चालेल." नुसतं "भेटून आनंद झाला" याला काय उत्तर द्यायचं हे कुणालाच सुचत नाही. सांगितलेलं करून पाहिलं आणि निकाल कळवला की समोरच्यालाही पुढे काय झालं याची उत्सुकता लागते.

ऑफिससाठी एकच पान लिहा: तीन प्रश्न, मिळालेली उत्तरं, कोणती गोष्ट लगेच करून पाहण्यासारखी, तिला खर्च किती, कोणाशी संपर्क ठेवायचा. शक्य असेल तर सहकाऱ्यांपुढे पंधरा मिनिटं बोला. पुढच्या वेळी पाठवण्याचा निर्णय याच पानावरून होतो. प्रमाणपत्र, बिल आणि प्रवासाच्या पावत्या त्याच पानाला जोडा.

आणि तुमच्या प्रश्नांपैकी एकाचा पाठपुरावा करताना सहा महिन्यांची आकडेवारी जमणार असेल, तर पुढच्या परिषदेची सारांश पाठवण्याची शेवटची तारीख आजच दिनदर्शिकेत लिहून ठेवा. बहुतेक ठिकाणी २५० ते ३०० शब्दच लागतात, आणि त्यातला पहिला परिच्छेद तुमच्या वहीत आधीच लिहिलेला आहे.